मेदाम्लांपासून जनुकांपर्यंत : जीवरसायनाचा अभ्यास कसा करावा

पदवीला जीवरसायनशास्त्र घेतलेल्या विद्यार्थ्याकडे बहुधा या विषयाच्या दोन वह्या असतात. एकीत चयापचय : ग्लायकोलिसिस, क्रेब्ज चक्र, मेदाम्लांचे विघटन, मेदाम्लांची निर्मिती. दुसरीत डीएनए, आरएनए, प्रथिननिर्मिती आणि जनुकांची अभिव्यक्ती. पहिली वही पाठ करायची आणि दुसरी समजून घ्यायची, अशी मनातल्या मनात वाटणी झालेली असते. परिणामी परीक्षा संपल्यावर पहिली वही महिन्याभरात पुसली जाते आणि दुसरीतले लॅक ओपेरॉन तेवढे सुट्या गोष्टीसारखे लक्षात राहते. विषय अवघड वाटण्याचे मुख्य कारण या वाटणीत आहे. मेदाचे चयापचय आणि जनुकांची अभिव्यक्ती ही एकाच प्रश्नाची दोन उत्तरे आहेत. कोणता पदार्थ, केव्हा आणि किती बनवायचा हे पेशी कसे ठरवते, हा तो प्रश्न. म्हणून अभ्यासाची सुरुवात अभिक्रियांच्या यादीपासून न करता नियंत्रणापासून करावी, असे या लेखाचे म्हणणे आहे. फुलसावंगी, महागाव भागातून पुसद, उमरखेड, यवतमाळ किंवा नांदेडला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी या म्हणण्याला एक जास्तीचा आधार आहे. हा सगळा विषय एकाच झाडावर दाखवता येतो आणि ते झाड गावाच्या शिवारातच उभे आहे.

आधी पुस्तकातले उदाहरण घेऊ. मेदाम्ल बनवण्याच्या मार्गात ॲसिटिल-कोएपासून मॅलोनिल-कोए तयार होणे ही परत न फिरणारी पायरी. ती ॲसिटिल-कोए कार्बॉक्झिलेज या एन्झाइमच्या हातात असते. या एकट्या एन्झाइमवर एक अख्खी संध्याकाळ घालवली तरी ती वाया जात नाही, कारण त्याचे नियंत्रण तीन वेगवेगळ्या गतींनी चालते. सेकंदांच्या हिशेबात पाहिले तर पेशीत सायट्रेट साचले की हे एन्झाइम जोर धरते आणि तयार झालेले पामिटॉइल-कोए साचले की मंदावते. मिनिटांच्या हिशेबात पाहिले तर ऊर्जा कमी पडल्यावर एएमपीके हे दुसरे एन्झाइम त्याच्यावर फॉस्फेट चढवून त्याला बंद करते, आणि जेवणानंतर वाढलेले इन्सुलिन तो फॉस्फेट उतरवायला लावते. तासांच्या आणि दिवसांच्या हिशेबात पाहिले तर पिष्टमय आहार चालू राहिल्यास यकृतात एसआरईबीपी-१सी हे प्रथिन केंद्रकात जाऊन या एन्झाइमच्या जनुकाचे वाचन वाढवते आणि एन्झाइमचे रेणूच जास्त बनू लागतात. म्हणजे जनुकाची अभिव्यक्ती हा त्याच नियंत्रणाचा सर्वांत सावकाश चालणारा भाग. हे एकदा लक्षात आले की दुसरी वही पहिलीतूनच सुरू होते. शिवाय यातून एक जुना गोंधळही मिटतो. पेशी मेदाम्ले एकाच वेळी बनवत आणि जाळत का नाही? कारण बनवण्याच्या मार्गातले मॅलोनिल-कोए हेच मेदाम्लांना मायटोकॉन्ड्रियात नेणाऱ्या कार्निटिन वाहतुकीचे पहिले एन्झाइम अडवते. दोन प्रकरणे जोडणारी ही एक ओळ लक्षात ठेवली तर दोन पानांची घोकंपट्टी वाचते.

कोलेस्टेरॉलच्या बाबतीत हा दुवा आणखी स्पष्ट दिसतो. एसआरईबीपी हे प्रथिन एरवी पेशीतल्या अंतर्द्रव्य जालिकेच्या पटलात अडकवून ठेवलेले असते. पटलातले कोलेस्टेरॉल पुरेसे असेपर्यंत ते तिथून हलत नाही. कोलेस्टेरॉल घटले की ते गॉल्जी यंत्रणेकडे जाते, तिथे दोन प्रोटिएज एन्झाइम त्याचे तुकडे करतात आणि सुटलेला तुकडा केंद्रकात जाऊन डीएनएवरच्या ठरावीक क्रमाला चिकटतो. मग एलडीएल ग्राहीचे आणि एचएमजी-कोए रिडक्टेजचे जनुक जोरात वाचले जाते. एक मेदपदार्थ कमी झाला आणि त्याची खबर थेट जनुकापर्यंत पोहोचली. ही खबर नेणारे एसआरईबीपी सापडले १९९३ साली, मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांच्या प्रयोगशाळेत. एलडीएल ग्राहीवरच्या आधीच्या कामासाठी या दोघांना १९८५ चे नोबेल मिळाले होते. त्यांनी सुरुवात केली होती ती तरुणपणीच हृदयविकार जडणाऱ्या कुटुंबांमधल्या कोलेस्टेरॉलच्या प्रश्नापासून. मेदाचा माग काढत गेलेली माणसे जनुकांपाशी पोहोचली, हा इतिहास अभ्यासक्रमाचा क्रम कसा लावावा हेही सांगून जातो.

आता प्रत्यक्ष पद्धत. कोणताही चयापचय मार्ग हाती घेतला की एका कोऱ्या कागदावर आधी पाच प्रश्नांची उत्तरे लिहावीत. हे पेशीच्या कोणत्या भागात घडते? खर्च आणि कमाई कोणत्या नाण्यात होते, एटीपीत की एनएडीपीएचमध्ये? परत न फिरणारी पायरी कोणती? ती पायरी सेकंदांत, मिनिटांत आणि तासांत कोण चालू-बंद करते? आणि ती बिघडली तर काय दिसते? मधल्या अभिक्रिया यानंतर भराव्यात. त्यानंतर कार्बनचा हिशेब स्वतः मांडावा. पामिटिक आम्लात १६ कार्बन असतात. ते बनवायला ८ ॲसिटिल-कोए, ७ एटीपी आणि १४ एनएडीपीएच लागतात. जाळताना ७ फेऱ्या होतात आणि ८ ॲसिटिल-कोए सुटतात. यातून मिळणारे निव्वळ एटीपी किती, यावर जुन्या आणि नव्या पुस्तकांत फरक दिसतो. कुठे १२९ लिहिलेले असतात, कुठे १०६. विद्यार्थी यातला एक आकडा निवडून पाठ करतो आणि दुसरा चुकीचा समजतो. खरे तर दोन्हींची मांडणी एकच आहे. जुन्या हिशेबात प्रत्येक एनएडीएचचे ३ आणि एफएडीएच-२ चे २ एटीपी धरतात, नव्यात अनुक्रमे २.५ आणि १.५ धरतात. ७ फेऱ्यांचे ७ एनएडीएच म्हणजे १७.५, ७ एफएडीएच-२ म्हणजे १०.५, आणि ८ ॲसिटिल-कोए प्रत्येकी १० प्रमाणे ८०. बेरीज १०८. सुरुवातीला मेदाम्लाला कोए जोडताना खर्च झालेले २ वजा केले की १०६ उरतात. हा हिशेब ज्याला मांडता येतो त्याला कोणत्याही मेदाम्लाचा आकडा पाठ करावा लागत नाही, १८ कार्बनच्या स्टिअरिक आम्लाचा तो दोन मिनिटांत काढेल.

आता शिवारातल्या झाडाकडे, म्हणजे कपाशीकडे. सरकीच्या तेलात निम्म्याहून थोडे जास्त लिनोलेइक आम्ल, जवळपास पाव भाग पामिटिक आणि त्याहून कमी ओलेइक आम्ल असते. सोयाबीनच्या तेलातही लिनोलेइक निम्म्याच्या आसपास असते, पण शिवाय सुमारे ७ टक्के अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते. तीन दुहेरी बंधांच्या या आम्लामुळे ते हवेत लवकर खवट होते. हे प्रमाण ठरते मेदाम्लांच्या साखळीत दुहेरी बंध घालणाऱ्या डिसॅच्युरेज एन्झाइमांवर, आणि ती एन्झाइमे किती बनतील हे ठरते जनुकांवर. २००२ साली ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ संस्थेतल्या संशोधकांनी आरएनएच्या साह्याने कपाशीच्या बियांतले यातले एक जनुक गप्प केले, तेव्हा ओलेइक आम्लाचे प्रमाण सुमारे १५ टक्क्यांवरून ७७ टक्क्यांपर्यंत गेले. दुसरे जनुक गप्प केले तेव्हा एरवी दोन-तीन टक्के असणारे स्टिअरिक आम्ल ४० टक्क्यांपर्यंत चढले. मेदाम्लांचा तक्ता आणि आरएनए हस्तक्षेप ही अभ्यासक्रमात दूर दूर असलेली दोन प्रकरणे इथे एकाच प्रयोगात भेटतात. याला जोड म्हणून कोंबडीच्या अंड्याचे उदाहरण पाहावे. सरकीत स्टरक्युलिक नावाचे एक वेगळ्या घडणीचे मेदाम्ल असते. सरकीयुक्त खाद्य खाल्लेल्या कोंबडीत ते डिसॅच्युरेजला अडवते, बलकातली संतृप्त मेदाम्ले वाढतात, बलकाभोवतीच्या पटलाचा स्वभाव बदलतो, बलकातले लोह पांढऱ्या भागात झिरपते आणि तिथल्या प्रथिनाला चिकटून साठवलेल्या अंड्याचा पांढरा भाग गुलाबी पडतो. एन्झाइमची अडवणूक, पटलातले मेद आणि धातू धरणारे प्रथिन, असे तीन धडे या एका रंगात आहेत.

सरकीतला दुसरा पदार्थ गॉसिपॉल. तो कपाशीचे किडींपासून रक्षण करतो, पण कोंबड्या आणि डुकरांना तो बाधतो. गाई-म्हशींच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये, त्याचा बराचसा भाग निष्प्रभ होतो, म्हणून मोठ्या जनावरांना सरकीची ढेप चालते. हा पदार्थ बनतो कसा? ॲसिटिल-कोएपासून एचएमजी-कोए, त्यापासून मेव्हॅलोनेट, पुढे १५ कार्बनचे फार्नेसिल पायरोफॉस्फेट. इथवरची वाट माणसाच्या यकृतात कोलेस्टेरॉल बनते त्याच वाटेची आहे. इथे फाटा फुटतो. माणसात दोन फार्नेसिल एकत्र येऊन स्क्वालीन आणि पुढे कोलेस्टेरॉल बनते. कपाशीत कॅडिनीन सिंथेज हे एन्झाइम तेच फार्नेसिल गॉसिपॉलच्या दिशेला वळवते. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गोळ्या या फाट्याच्या बऱ्याच अलीकडे, एचएमजी-कोए रिडक्टेजवर काम करतात. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातल्या कीर्ती राठोड यांच्या गटाने २००६ साली कॅडिनीन सिंथेजचे जनुक फक्त बियांमध्ये गप्प करून दाखवले. पाने-फुलांतले गॉसिपॉल तसेच राहिले, त्यामुळे झाडाचे संरक्षण टिकले, आणि सरकीतले मात्र नगण्य झाले. हे जमले कारण गप्प करणाऱ्या तुकड्यापुढे बियांतच चालू होणारा प्रमोटर लावला होता. एकच जनुकसंच असूनही पानात एक पदार्थ बनतो आणि बीत बनत नाही, याहून जनुक अभिव्यक्तीची सोपी व्याख्या पुस्तकात सापडणार नाही.

कपाशीचा तिसरा धडा यवतमाळच्या शेतकऱ्याने पैसे मोजून घेतला आहे. भारतात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली, दोन जनुकांचे बोलगार्ड-२ वाण २००६ मध्ये आले, आणि २०१७ च्या खरिपात विदर्भात गुलाबी बोंडअळीने त्याच वाणांची बोंडे पोखरली. गावात याचे उत्तर बहुधा ‘बियाणे बोगस’ एवढ्यावर संपते. बनावट बियाणे विकले जात नाही असे नाही, पण जीवरसायनाच्या विद्यार्थ्याने याहून पुढे जायला हवे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली दाखवले की बीटी प्रथिनाचे, म्हणजे अळीला मारणाऱ्या विषाचे, प्रमाण झाडाच्या सगळ्या भागांत सारखे नसते, बोंडाच्या भागांत ते पानांपेक्षा कमी असते आणि झाडाचे वय वाढते तसे घटते. जनुक प्रत्येक पेशीत आहे, पण त्यातून किती प्रथिन बनते हा वेगळा प्रश्न आहे. दुसरे कारण मेंडेलच्या नियमातले. भारतात बीटी कपाशी मुख्यतः संकरित बियाण्याच्या रूपात विकली गेली. संकरित झाडात प्रत्येक बीटी जनुकाची एकच प्रत असते, त्यामुळे त्याच्या बोंडातल्या सरकीत, म्हणजे पुढच्या पिढीत, १६ पैकी १ बी दोन्ही जनुकांविना आणि काही बिया एकाच जनुकासह असतात. अळी पोसली जाते ती याच सरकीवर. कमी-अधिक विषाच्या अशा मिश्रणात तग धरणाऱ्या अळ्यांची निवड होत जाते. तिसरे कारण अळीच्या आत आहे. २०१४ च्या एका अभ्यासात भारतातल्या प्रतिकारक्षम बोंडअळ्यांमध्ये बीटी प्रथिनाला पकडणाऱ्या कॅडहेरिन ग्राहीचा आरएनए चुकीच्या ठिकाणी कापला-जोडला गेल्याचे आढळले. प्रमोटर, प्रथिनाचे प्रमाण, वारसा आणि आरएनए स्प्लायसिंग ही चार प्रकरणे एका बोंडात तपासता येतात.

यावर पहिला आक्षेप अपेक्षितच आहे. परीक्षेत मार्ग काढून नावे घालायला सांगतात, कपाशीची गोष्ट कोण विचारतो? आक्षेपात तथ्य आहे. २० ॲमिनो आम्लांच्या रचना, जीवनसत्त्वांपासून बनणारी सहएन्झाइमे आणि ग्लायकोलिसिसच्या १० पायऱ्या पाठच कराव्या लागतात, त्याला पर्याय नाही. पण पाठ करण्याचीही रीत असते. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा पुन्हा वाचला, दुसऱ्याने एकदाच वाचून पुढच्या प्रत्येक वेळी आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के आठवले आणि वाचणाऱ्यांना सुमारे ४०. परीक्षेच्या आदल्या रात्री वाचन उपयोगी वाटते ते यामुळेच, आणि विद्यापीठाचा पेपर दोन दिवस पुढे गेला की सगळे निसटते तेही यामुळेच. तेव्हा पुस्तक मिटून कागदावर मार्ग काढा, चुकलेली जागा लाल शाईने भरा, आणि तीन दिवसांनी, मग आठवड्याने तोच कागद पुन्हा काढा. नियंत्रण आधी समजलेले असेल तर या कागदावर चुकांच्या जागा कमी होतात, कारण प्रत्येक पायरीला तिथे असण्याचे कारण मिळालेले असते. शिवाय सीएसआयआर-नेट किंवा आयआयटी-जॅमसारख्या परीक्षांत नुसत्या नावांवर भागत नाही. प्रयोगाचे निकाल देऊन कोणती पायरी अडली हे ओळखायला लावतात. तिथे तीन गतींचा विचार केलेला विद्यार्थी चटकन पुढे जातो.

दुसरा आक्षेप साधनांचा : तालुक्याच्या कॉलेजात सेंट्रिफ्यूज असतो-नसतो, पीसीआर यंत्र बघायलाही शहर गाठावे लागते, मग जनुकांचा अभ्यास कसा करायचा? प्रयोगाची उणीव वाचनाने भरून निघत नाही, हे खरे. तरी या उणिवेचा आवाका नीट ओळखावा. जनुकांचे क्रम, प्रथिनांच्या त्रिमितीय रचना आणि चयापचयाचे नकाशे एनसीबीआय, प्रोटीन डेटा बँक आणि केईजीजी या संकेतस्थळांवर मोफत पाहता येतात, आणि ‘स्वयम’ तसेच ‘एनपीटीईएल’वर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने आहेत. कपाशीच्या डिसॅच्युरेज जनुकाचा क्रम मोबाइलवर उघडून तो सोयाबीनच्या क्रमाशी ब्लास्टने ताडून पाहणे हा एका संध्याकाळचा प्रयोग आहे. त्याला यंत्र लागत नाही आणि प्रयोगवहीत तो मानाने बसतो. साधनांपेक्षा प्रश्न मोलाचा असतो, याला मराठी माणसाला घरचाच दाखला आहे. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत, यांना १९३३ साली बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये स्त्री म्हणून प्रवेश मिळवायला सी. व्ही. रामन यांच्याशी झगडावे लागले. पुढे १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. त्यांनी वनस्पतींमधल्या सायटोक्रोम-सीवरच्या कामाने मिळवली, आणि ते काम सुरू झाले होते बटाट्यातल्या एन्झाइमांपासून. भारतात परतल्यावर त्यांनी दूध, कडधान्ये आणि नीरा यांचे जीवरसायन अभ्यासले. आपल्या ताटातला आणि शिवारातला पदार्थ जागतिक दर्जाच्या संशोधनाचा विषय होऊ शकतो, हे त्यांनी ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीच सिद्ध केले आहे.

तिसरा आक्षेप भाषेचा, आणि तो सर्वांत खरा. बारावीपर्यंत कशीबशी जमवलेली इंग्रजी लेह्निंजर किंवा हार्परच्या पाठ्यपुस्तकाच्या पानावर अपुरी पडते. एक वाक्य तीनदा वाचावे लागते आणि मग गाइड हाती येते. इथे हट्ट दोन्ही बाजूंचा टाळावा. संज्ञा इंग्रजीतल्याच ठेवाव्यात, कारण प्रश्नपत्रिका, शोधनिबंध आणि मुलाखत त्याच संज्ञांत होणार. पण कार्यकारणाची वाक्ये आधी आपल्या बोलीत जुळवावीत. ‘कोलेस्टेरॉल घटलं की हे प्रथिन सुटतं, केंद्रकात जातं, अन् ग्राही जास्त बनतात’ असे शेजारच्या मित्राला सांगता आले की मग तेच तीन इंग्रजी वाक्यांत लिहावे. ज्याला वऱ्हाडीत सांगता येत नाही त्याला ते इंग्रजीतही आलेले नसते, फक्त पाठ झालेले असते. जाड पुस्तक पहिल्या पानापासून वाचण्याचा नेम धरू नये. आधी आकृती आणि तिच्याखालची ओळ, मग प्रकरणाच्या शेवटचा सारांश, मग अडलेला परिच्छेद, या क्रमाने एक प्रकरण आठवड्यात होते.

एका सत्रासाठी एवढे पुरे. दर आठवड्याला एकच नियंत्रणबिंदू घ्या. पहिल्या आठवड्यात ॲसिटिल-कोए कार्बॉक्झिलेज, मग कार्निटिन वाहतूक, मग एचएमजी-कोए रिडक्टेज, मग एसआरईबीपी, मग लॅक ओपेरॉन, मग प्रमोटर आणि स्प्लायसिंग, आणि असेच पुढे. प्रत्येकासाठी पाच प्रश्नांचा एक कागद करा आणि प्रत्येक कागदाच्या तळाशी कपाशी, सोयाबीन किंवा माणसाच्या शरीरातले एक खरे उदाहरण लिहा. सत्राच्या शेवटी पंधरा-सोळा कागद जमतील. ते जमिनीवर मांडून कोणता कागद कोणाला जोडला जातो ते खडूच्या रेषांनी दाखवता आले, तर विषय आला असे समजा. रेष ओढता न आलेल्या जागा तेवढ्या पुन्हा वाचा. आणि पुढच्या वर्षी गावात बोंडअळीवरून वाद निघेल तेव्हा तिथे गप्प बसू नका. जीवरसायन शिकलेल्या मुलाकडून किंवा मुलीकडून तेवढी अपेक्षा ठेवण्याचा गावाला हक्क आहे.